कुटाराचं रेडकू

मित्रांनो, मी एक जुनं कुटाराचं रेडकू आहे. गव्हाची किंवा तुरीची मळणी झाली की जो भुसा उरतो, त्याला आमच्या यवतमाळकडे कुटार म्हणतात. जनावरं ते आवडीनं खातात. मला ते खायची वेळ कधी आली नाही, माझ्या पोटात ते बाहेरून भरलं गेलं. बाकी दिसायला मी बऱ्यापैकी म्हशीच्या पिल्लासारखा होतो. बांबूचे चार पाय, पोटाखाली लांबलचक शिवण आणि डोळ्यांच्या जागी कोटाची दोन काळी बटणं. एक बटण चार भोकांचं आहे आणि दुसरं दोन भोकांचं, त्यामुळे माझी नजर तिरपी आहे असं लोक म्हणतात. असेना का तिरपी, तिनं पुष्कळ पाहिलं आहे.

दारव्ह्याजवळच्या एका तांड्यात, एका नव्या गोठ्याच्या दाराशी मी खिळ्याला टांगलेला असतो. पाय गेले, कुटारही गेलं. उरलं आहे ते डोकं आणि पाठीचं कातडं. माझ्यासमोर अडतीस जीव दिवसभर खातात, रवंथ करतात, एकमेकांना ढुशा देतात. मला त्यांच्यातला एकही ओळखत नाही. इतक्या गर्दीत आपल्याशी बोलायला कोणी नसणं फार जड जातं, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

माझी आई भुरी. नावाप्रमाणे रंगानं भुरकट, लांब मागे वळलेल्या शिंगांची, तोऱ्यात चालणारी म्हैस. ती देवसिंगच्या घरची. देवसिंग तांड्यातला जुना, मानाचा माणूस. बंजाऱ्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडत, आता त्यांची नातवंडं-पतवंडं कापूस आणि सोयाबीन पिकवतात. पण जनावराचा लळा त्यांच्या रक्तातून गेलेला नाही. देवसिंगची बायको बसंतीबाई गोठ्याचं सगळं पाहायची. घरात ते गोरबोली बोलत, बाहेरच्यांशी वऱ्हाडी. आईला ते याडी म्हणतात, म्हणून अख्ख्या घराची बसंतीबाई ही याडीच होती.

मी भुरीच्या पहिल्या वेताचा, म्हणजे पहिल्या बाळंतपणाचा मुलगा. मी वगार असतो, म्हणजे मादी, तर गोष्ट वेगळी झाली असती. वगार मोठी होते, दूध देते, म्हणून ती झाली की घरात गूळ वाटतात. मी झालो हल्या, म्हणजे नर. हल्या दूध देत नाही आणि शेतात बैलाइतका चपळ चालत नाही. मी जन्मलो तेव्हा देवसिंगनं वाकून पाहिलं, 'हल्या हाये' म्हटलं आणि तो हात धुवायला गेला. भुरीच्या पहिल्या चिकाचा खरवस झाला, तो शेजारीपाजारी गेला. मला दोन घोट मिळाले.

मला कोणी मारलं नाही, हे मी आधीच सांगतो. त्या घरातली माणसं चांगली आहेत. फक्त रोज थोडं थोडं माझ्या वाट्याचं दूध दारव्ह्याला जाणाऱ्या कॅनमध्ये गेलं. मी भुरीच्या कासेला तोंड लावायचो, तिला पान्हा फुटायचा आणि लगेच मला दावं धरून बाजूला ओढलं जायचं. उरलंसुरलं मी चाटायचो. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी मी उठलो नाही.

आता पंचाईत झाली ती घरच्यांची. पिल्लू समोर नसलं की म्हैस दूध चोरते, म्हणजे कासेतच रोखून धरते. भुरीनं तेच केलं. बसंतीबाईनं तिला सरकीची ढेप घातली, गोंजारलं, शेवटी शिव्याही दिल्या, पण कास जशीच्या तशी. मग शेजारच्या गावच्या डोमाजींना बोलावणं गेलं. डोमाजी कातडं कमावण्यात वाकबगार म्हातारे. त्यांनी मला मीठ लावलं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं, उन्हात वाळवलं, कुटार ठासून भरलं आणि दाभणानं शिवलं. डोळ्यांसाठी त्यांनी आपल्या जुन्या कोटाची बटणं काढली. कोटाला तेवढीच दोन राहिली होती. काम झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय बाप्पा, तुह्या मायले भेट."

असा मी माझ्या आईला परत भेटलो.

बसंतीबाईनं माझ्या पाठीला मिठाचं पाणी लावलं आणि मला भुरीच्या पुढ्यात उभं केलं. भुरीनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग तिची खरखरीत जीभ माझ्या मानेवरून पाठीवर गेली आणि खाली बादलीत धार वाजायला लागली. मित्रांनो, जिवंत होतो तेव्हा मला आईनं इतका वेळ कधीच चाटलं नव्हतं. तेव्हा मला मध्येच ओढून नेत. आता मला कोणी ओढत नव्हतं, उलट नीट सरकवून पुढे करत होते.

ती माझी नोकरी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात मी चाऱ्याच्या खोलीत कोपऱ्यात उभा असायचो आणि पुढच्या धारेची वाट पाहायचो. माझं कौतुकही झालं. तांड्यातल्या बायका येऊन माझी शिवण बघत. शेजारच्या प्रेमसिंगनं मला आठ दिवस उसनं मागून नेलं, पण त्याच्या म्हशीनं मला एक ढुशी मारून गव्हाणीत पाडलं. मी आपला मुकाट्यानं घरी परतलो. मला चाटणारी एकच होती आणि ती भुरी होती.

दुसऱ्या वेतालाही हल्या झाला. त्याच्यासाठी डोमाजींना बोलवावं लागलं नाही, कारण मी तयार होतो. तो नऊ दिवस जगला. तिसऱ्या वेताला वगार झाली, तेव्हा मला वर्षभर सुट्टी होती. घरात गुळाचा वास होता, वगार चार-चारदा पीत होती आणि मी कोपऱ्यात उभ्या उभ्या उंदरांना पोट कुरतडू देत होतो. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की माझं सुख भुरीच्या पिल्लाच्या मरणावर उभं आहे. कळलं तरी मी काय करणार होतो? मला तेवढंच सुख होतं.

त्याच वर्षी देवसिंगचा मुलगा बादल याचं लग्न झालं. बादल दारव्हा-दिग्रस रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. त्याची बायको बबिता मारेगावकडची, बी.ए. झालेली, नाकासमोर चालणारी पण प्रश्न विचारल्याशिवाय न राहणारी. चारा काढायला ती खोलीत आली आणि मला पाहून दचकली.

"याडी, हे काय व्हय?"

"भुरीचा हल्या," बसंतीबाई बाहेरून म्हणाली. "मेला तवा भरून घेतला. याच्याबिगर ते पान्हवत नाई."

"आन जित्ता होता तवा दूध काहून नाई पाजलं?"

"हल्याले पाजून काय करतं बाई? ना दूध देत, ना वखराले चालत."

त्यानंतर बबिता खोलीत आली की माझ्याकडे पाठ करून चारा काढायची. मला ते लागायचं. घरात माझा राग करणारी ती एकटीच होती.

पुढे ती पशुपालनाच्या एका प्रशिक्षणाला आठवडाभर जाऊन आली. येताना वहीभर काहीबाही लिहून आणलं होतं. जेवताना तिनं विषय काढला. म्हशीचे हल्ले, म्हणजे ही नर पिल्लं, मरू द्यायची नाहीत. त्यांना पाजायचं, जंताचं औषध द्यायचं, लसी टोचायच्या आणि दोन-सव्वादोन वर्षं खाऊ घालून वाढवायचं. मग वजनावर विकायचे. म्हशीचं मांस परदेशात जातं, त्यासाठी निरोगी, भरलेले हल्ले हवे असतात. दारव्ह्यातल्या डेअऱ्यांत तर हल्ले फुकट न्या म्हणतात. हाच एक धंदा होऊ शकतो, असं तिचं म्हणणं होतं.

देवसिंगचा घास हातात राहिला.

"आपले बुढे जनावराच्या पाठीवर जगले," तो म्हणाला. "आपण जनावर कापाले देणारे नाई."

"बैल नाई बापू, हल्या. त्याले कायद्यानं मनाई नाई."

"कायद्याचं नाई विचारून राह्यलो मी."

"मंग मी एक विचारू का? आपल्या दारात बारा दिवसात उपाशी मरते, ते काय व्हय?"

चाऱ्याची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे, त्यामुळे मला ताटात भाकरी मोडल्याचाही आवाज आला. मग देवसिंग म्हणाला, "भुरी या महिन्यात वेते. हल्या झाला त तो तुले देल्ला. दोन महिने जगवून दाखव. पण कॅन कमी भरली नाई पाह्यजे. जमलं त नवा गोठा बांधून देतो. नाई जमलं त पुन्हा हे नाव काढू नको."

बबितानं मान डोलावली. तिचं सगळं आता भुरीच्या पोटातल्या त्या जिवावर होतं. आणि खरं सांगायचं तर माझंही. तो जगला, तर मला कोण पुढे सरकवणार होतं? मी मनातल्या मनात वगार मागितली. वगार झाली असती तर निदान वर्षभरानं माझी पाळी पुन्हा आली असती.

भुरी व्याली ती एका रविवारी सकाळी, आठवडाभर आधीच. बबिता तेव्हा बादलच्या जीपमधून दारव्ह्याला गेली होती. पिल्लाला पाजायची मोठी बाटली, रबरी बूच आणि दुधाची पावडर आणायला. घरात बसंतीबाई एकटी. हल्या झाला. आणि मित्रांनो, इथे जे झालं त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. बसंतीबाईच्या हातांना चाळीस वर्षांची सवय होती. हल्या झाला की म्हशीला तो फार चाटू द्यायचा नाही, म्हणजे ती त्याच्या मागे लागत नाही. तिनं त्याला पोत्यानं पुसलं, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं आणि मला मिठाचं पाणी लावून भुरीच्या पुढ्यात आणून ठेवलं. भुरी अजून थरथरत होती. तिनं मला आपादमस्तक चाटलं. व्यायल्यावर पिल्लाला जसं चाटतात तसं, कान, नाक, खूर नसलेले पायसुद्धा.

माझ्या सगळ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली सकाळ होती. लाज वाटते, पण होती.

दुपारी बबिता आली. पिशवी खाली ठेवून ती धावतच गोठ्यात शिरली आणि थांबली. एका टोकाला तो ओला, कापणारा हल्या, दुसऱ्या टोकाला भुरी आणि मी.

"याडी," ती एवढंच म्हणाली.

बसंतीबाईनं हल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माह्या हातानं झालं वं. सवयीनं झालं. मले याद बी नाई राह्यलं."

मग त्याला भुरीजवळ नेलं. भुरीनं हुंगलं आणि शिंग उगारलं. पुन्हा नेलं, तिनं लाथ झाडली. तो कोलमडला, उठला, पुन्हा तिच्याकडेच गेला. तिला आपलं पिल्लू कोणतं हे पक्कं ठाऊक होतं. ते कुटाराचं होतं.

मला पुढ्यात ठेवून चीक काढला आणि बाटलीनं त्याला पाजायला घेतला. त्यानं बूच तोंडात धरलंच नाही. चीक हनुवटीवरून गळायचा, थोडा घशात गेला की तो खोकायचा. बबिता मांडी घालून बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटाला लावून चाटवलं. दोन दिवस हेच चाललं. तो बाटलीकडे पाठ करून भुरीच्या दिशेला मान ताणायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठायला गेला आणि पुढचे गुडघे टेकून तसाच राहिला.

ते गुडघे मला चांगले माहीत होते.

देवसिंग दारात येऊन उभा राहिला. टोमणा मारायला आला असेल असं मला वाटलं, पण तो हल्याकडे पाहून परत गेला. बबिता रडत नव्हती. ती हल्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. "जित्तं पिल्लू सोडून ते मेलेल्याले चाटून राह्यली," ती स्वतःशीच म्हणाली.

बसंतीबाई उठली. आत जाऊन तिनं सुरी आणली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"भुरीले हेच पाह्यजे न? मंग हल्याच्या अंगावर हेच घालून देऊ."

"याडी, काहीच्या काहीच सांगून राह्यली तू," बादल म्हणाला.

"तू जीप चालव."

आणि तिनं डोमाजींची शिवण उसवायला सुरुवात केली. मला दुखलं नाही, दुखायचं ते माझं केव्हाच संपलं होतं. सहा वर्षांचं कुटार भसाभस खाली पडलं. त्याच्यातून उंदराची दोन पिल्लं निघाली, ती बादलच्या पायावरून पळाली. बांबू काढले. मी एकदम हलका झालो, चपटा झालो, काय उरलो तेच मला कळेना. बबितानं मला कोमट पाण्यात बुडवून मऊ केलं. मग त्या दोघींनी मला हल्याच्या पाठीवर पांघरलं आणि पोटाखालून सुतळीनं बांधलं. माझं डोकं त्याच्या मानेवर आलं. चार हात त्याला धरून भुरीकडे घेऊन गेले.

मित्रांनो, त्याची धडधड मला ऐकू येत होती. माझ्या पोटात इतकी वर्षं कुटार होतं, त्या दिवशी माझ्याखाली जीव होता. गरम, घाबरलेला, बरगड्या मोजता येतील असा. मला वाटलं मीच श्वास घेतो आहे.

भुरीनं हुंगलं. जीभ बाहेर काढली, माझ्या मानेवर ठेवली, पाठीवरून शेपटीकडे नेली. तो तिच्या पोटाखाली शिरला. एकदा सड निसटला, दुसऱ्यांदा धरला. मग चुटूचुटू आवाज यायला लागला. बसंतीबाई भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून ओक्साबोक्शी रडली. बबिता तिच्याजवळ गेली नाही, तिनं हल्याला धरून ठेवलं होतं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी माझ्या भावाबरोबर राहिलो. तो उडी मारायचा तेव्हा मी उडी मारायचो. तो उन्हात पडायचा तेव्हा मला ऊन लागायचं. हगवण थांबली, बरगड्या झाकल्या गेल्या. पण बबिता हिशेबी बाई. रोज सकाळी ती मला एकेक वीत दुमडायची आणि सुतळी पुन्हा बांधायची. त्याची स्वतःची पाठ रोज थोडी जास्त उघडी पडत होती आणि भुरीची जीभ रोज थोडी थोडी त्या उघड्या पाठीवर जात होती. मला ते कळत होतं. अकराव्या दिवशी मी त्याच्या शेपटीजवळ पुडीएवढा उरलो होतो.

बाराव्या दिवशी सकाळी तिनं सुतळी सोडली आणि मला खुंटीवर ठेवलं. भुरीपासून चार हातांवर. माझा वास तिला सहज येत असणार. ती त्याला चाटत राहिली, कानापासून शेपटीपर्यंत, आणि माझ्याकडे तिनं मान वळवली नाही. त्या दिवशी मला आनंद झाला असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल. मला फार वाईट वाटलं. तो जिवंत होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. आनंद नंतर झाला, हळूहळू, आणि पुरता असा कधी झालाच नाही.

दोन महिने झाले तेव्हा देवसिंगनं स्वतः कॅन उचलून पाहिली. ती कमी नव्हतीच, थोडी जास्त होती. जिवंत पिल्लू जवळ असलं की भुरी काही चोरून ठेवत नव्हती. दोन सड त्याचे आणि दोन घरचे, असं बबितानं ठरवलं होतं. देवसिंगनं कॅन खाली ठेवली आणि म्हणाला, "गोठा कोणत्या बाजूले पाह्यजे तुले?"

मग काय विचारता. दारव्ह्याच्या डेअऱ्यांतून पहिले पाच हल्ले आले, बादलच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली बसून. प्रवासी कुरकुरले म्हणे. त्यातले दोन गेले, तीन जगले. पुढच्या वेळी अकरा आले आणि एकच गेला. रबरी सड लावलेल्या बादल्या आल्या, एका वेळी पाच-पाच जण पितात अशा. हिरवा मका कापून, दाबून आंबवलेला मुरघास आला, कानात बिल्ले आले, लसींचं कपाट आलं आणि सगळ्यांत शेवटी जनावर उभं राहील एवढा वजनकाटा आला. बबिता दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला त्यावर चढवते आणि भिंतीवरच्या पाटीवर आकडा लिहिते. तांड्यातली आणखी सात घरं तिला सामील झाली. प्रेमसिंगच्या घरी आता हल्या झाला तरी तो चीक पितो. झरीकडच्या आणि कुठल्या कुठल्या गावांहून बायका बघायला येतात. काटा बघतात, बादल्या बघतात, फोटो काढतात. कोणी विचारलंच, की ते दाराशी काय टांगलं आहे, तर बबिता म्हणते, "ते आमची चूक व्हय." आणि पुढे चालू लागते. मला खाली मात्र ती काढू देत नाही.

माझा भाऊ एक नंबरचा झाला. बबिता हल्ल्यांना नावं देत नाही, फक्त नंबर. नाव दिलं की पुढचं काम होत नाही, असं ती म्हणते. सव्वादोन वर्षांत तो असा भरला की गोठ्याच्या दारातून तिरका होऊन जायचा. आणि मग ज्यासाठी हे सगळं होतं, तो दिवस आला. तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

नागपूरकडच्या कंपनीचा माणूस सकाळी नऊ वाजता गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी तपासून कागद दिले होते. गाडीत पाणी होतं, खाली कुटार अंथरलं होतं. नऊ हल्ले जायचे होते. एकेक करून काट्यावर चढले. एक नंबर तीनशे बारा किलो भरला. बसंतीबाईनं त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ती आत निघून गेली. तो दारातून तिरका होऊन निघाला तेव्हा त्याची पाठ मला घासून गेली. मी ती ओळखली. आता मी तिच्यावर रुमालाएवढाही पुरलो नसतो. भुरी पलीकडे नव्या वगारीला चाटत होती.

गाडी गेल्यावर बबिता काट्यावरच बसून राहिली. काट्याच्या आकड्यांच्या चौकोनात तिचं वजन उमटलं, एक्कावन्न किलो.

"वाईट वाटते?" देवसिंगनं विचारलं.

"वाटते, बापू."

"मंग?"

"वाटतेच. ते जाणार हे मले पयल्या दिवसापासून माहीत होतं. पण बारा दिवसाचा होऊन नाई गेला. उन्हात पळाला, ढुशा देल्ल्या, पोटभर प्याला."

देवसिंग तिच्याशेजारी काट्यावर बसला. आकडा बदलला. दोघंही उठले नाहीत.

मित्रांनो, बबिता बरोबर करते की चूक, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझी नजर तिरपी आहे. मला एवढंच ठाऊक आहे, की तो सव्वादोन वर्षं जगला आणि मी बारा दिवस. आणि आम्ही दोघंही त्याच दारातले, त्याच आईचे. आता अडतीस जण समोर चरतात. त्यांतल्या एकालाही माझी गरज नाही. हे गोठ्याचं यश आहे, हे मला समजतं. तरी सकाळ-संध्याकाळ बादलीत धार वाजली की माझं कातडं उगीचच ताठ होतं, कोणीतरी मला पुढे सरकवेल म्हणून.

तुम्ही कधी एखाद्या गावी गेलात आणि एखाद्या गोठ्यात म्हशीपुढे माझ्यासारखं कोणी उभं दिसलं, तर त्याला हसू नका, त्याची बटणं ओढू नका. म्हैस चाटत असेल तर चाटू द्या. धार संपली की घरच्या माणसांना हळूच विचारा, याच्या वाट्याचं दूध कुठे गेलं. ते रागावणार नाहीत, गप्प होतील. आणि तिथे पुढचा हल्या जन्मेल, तो पुढे कोणाच्याही कामाचा असो वा नसो, त्याच्यासाठी चारातले दोन सड मागून घ्या. ते फार मोठं मागणं नाही. जिवंत होतो तेव्हा बारा दिवस मी तेवढंच ओरडून मागत होतो.